मी ‘जातो’ म्हणते, मग मी लेस्बियन की ट्रान्समॅन?

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांची आहे. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. चार वर्षं एका मुलीबरोबर आहे. लहानपणापासून मी ‘येतो, जातो, जेवलो’ असंच बोलतो. इथल्या एका क्वीअर (म्हणजे लेस्बियन, गे, ट्रान्स अशा सगळ्यांच्या) ग्रुपमध्ये पहिल्यांदा गेल्यावर सगळ्यांनी आपापले प्रोनाउन सांगितले. माझं बोलणं ऐकून एकजण म्हणाला, तू ट्रान्समॅन आहेस, तुला अजून कळलेलं नाही. दुसरी म्हणाली, छे, तू बुच, म्हणजे पुरुषी राहणीची, लेस्बियन आहेस. तिसरी म्हणाली, एक बुच आणि दुसरी फेम, म्हणजे बायकी राहणीची, ही नवरा-बायकोची नक्कल, त्यातून बाहेर ये. आणि माझी जोडीदार म्हणते, मी लेस्बियन नाही, माझं फक्त तुझ्यावर प्रेम आहे. ते मला फार लागतं. मी नक्की कोण? आणि आईला सांगायचं तर कोणता शब्द वापरू?

उत्तर:

पत्रात तू “मी 26 वर्षांची” असं लिहिलंस आणि पुढे “बोलतो” असं लिहिलंस. ग्रुपमधल्या मंडळींना त्यातच तुझी ओळख सापडली. मला एवढ्यावरून काहीच सापडत नाही, कारण तुझ्या भागातल्या कितीतरी बायका अशाच बोलतात. कोल्हापूरकडे कॉलेजच्या पोरी, लेकुरवाळ्या सुना, मंडईत माळवं विकायला बसलेल्या मावश्या “येतो गं”, “आत्ताच जेवलो” असं सहज म्हणतात. विदर्भातही बऱ्याच ठिकाणी बायकांच्या तोंडी “मी करतो, मी जातो” असतं. पुण्याच्या प्रमाण मराठीत वाढलेल्या कानाला ते पुरुषी वाटतं, आणि इंग्रजी प्रोनाउन (‘ही, शी, दे’) शिकून आलेल्या कानाला तर ती जाहीर केलेली ओळखच वाटते. तुझी आजी, आत्या, चुलत बहीण कशा बोलतात ते आठवून बघ. त्याही “जातो” म्हणत असतील, तर तुझं “जातो” तुझ्या गावचं आहे. त्यावरून कुणी तुला ट्रान्समॅन, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवला गेलेला पुरुष, ठरवू नये, आणि “नीट ‘जाते’ म्हण” असं दरडावूही नये.

याची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. घरातल्या सगळ्या बायका “जाते” म्हणतात अशा कुटुंबातलं एखादं मूल पाच-सहा वर्षांचं असल्यापासून हट्टाने “मी जातो” म्हणतं, बोलणी खातं, मार खातं, तरी बदलत नाही. तिथे ते क्रियापद नक्कीच काहीतरी सांगत असतं. तुमच्याकडच्या बोलीत असं मूल कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोलीच्या आडोशाला ते निवांत मोठं होईल, आणि शहरात आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्याला हटकेल. तुझं यातलं कोणतं, ते मला पत्रावरून सांगता येणार नाही, पण तुला स्वतःला तपासता येईल. ऑफिसात कुणी हसलं म्हणून कधीतरी तू “जाते” म्हणून पाहिलं असशीलच. तेव्हा काय वाटलं? गावंढळ ठरल्याची लाज वाटली, की आपण स्वतःबद्दल खोटं बोललो असं वाटलं? नुसती लाज असेल तर ती शहराने लादलेली आहे, तिचा तुझ्या लिंगओळखीशी संबंध नाही. खोटं बोलल्यासारखं वाटलं असेल तर तिथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, तेही लक्षात ठेव.

मराठीत हे सगळं इतकं अंगावर येतं ते क्रियापदांमुळे. इंग्रजीत ‘आय’ म्हणणाऱ्याला स्वतःचं लिंग सांगावं लागत नाही. ते ठरतं इतर लोक तुमच्याबद्दल बोलतात तेव्हा, म्हणून तिकडे प्रोनाउन सांगण्यावर एवढा भर. बंगालीत सर्वनामालाही लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. कोलकात्यात 1999 साली ‘सॅफो’ हा लेस्बियन स्त्रियांचा गट सुरू झाला, तिथल्या बाईला आपली अख्खी प्रेमकहाणी मातृभाषेत सांगताना कुठेही ‘तो’ की ‘ती’ करावं लागत नाही. आपल्याला “मी काल आले” एवढं म्हणायलाही एक बाजू घ्यावी लागते. शिवाय समोरचा “अगं” म्हणतो की “अरे”, “आलीस” म्हणतो की “आलास”, हेही आहेच. मुलीला लाडाने “अरे बाळा” म्हणणारे वडील मराठी घरांत पुष्कळ आहेत, आणि काही मुलांसाठी तेवढा एक “अरे” वर्षानुवर्षं पुरतो.

मदतीसाठी फोन करणाऱ्यांशी बोलताना मी हे कान देऊन ऐकते. ज्यांना “आले” नको असतं आणि “आलो” म्हणायचं धाडस अजून होत नसतं, ती माणसं वाक्यंच अशी रचतात की लिंग दिसणार नाही. “मला जायचंय.” “मी भाकरी खाल्ली.” “मी तिला सांगितलं.” “मी उद्या येईन.” “आम्ही गेलो होतो.” मराठीत एवढी जागा आहे आणि गरज असलेल्याला ती बरोबर सापडते. एका व्यक्तीने अर्धाएक तास अशाच वाक्यांत सगळं सांगितलं. मैत्रिणीचं लग्न ठरलं, घरी पत्रिका आली, मी अक्षता टाकल्या, मी पंगतीत जिलेबी वाढली. आणि मग मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, “मी रडलो” असं निघून गेलं. पलीकडे एकदम शांतता. मी त्यावर काही बोलले नाही, फक्त पुढे विचारलं, “मग तू घरी कसा गेलास?” त्यानंतरचं सगळं बोलणं “गेलो, पडून राहिलो, झोपलो नाही” असं मोकळं वाहिलं. त्या व्यक्तीने स्वतःला कुठलंही नाव तेव्हा दिलं नव्हतं आणि आजही दिलेलं नाही. आमचं काम त्यावाचून अडलं नाही. तुझ्याशी मी “आलीस, गेलीस” असं बोलते आहे, कारण पत्रात तू “26 वर्षांची” म्हटलंस. उद्या तू वेगळं सांगितलंस तर मीही बदलेन.

आता ग्रुपमधला घोळ. दोन वेगळे प्रश्न तिथे एकात कालवले गेले. तुझं मन आणि शरीर कुणाकडे ओढ घेतं, हा एक. तू स्वतःला बाई समजतेस, पुरुष समजतेस की यांतलं काहीच पुरतं बसत नाही, हा दुसरा. ‘लेस्बियन’ हे पहिल्याचं उत्तर आहे, ‘ट्रान्समॅन’ हे दुसऱ्याचं. ‘बुच’ मात्र दोन्हींत पाय ठेवून उभा असलेला शब्द आहे. कुणासाठी तो फक्त राहणीचा, केसांचा, चालण्याचा शब्द असतो. कुणासाठी तीच त्यांची लिंगओळख असते, ‘बाई’ हा शब्द त्यांना नुसता सहन होतो, आपला वाटत नाही.

ही सरमिसळ आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत 1995 मध्ये ‘स्त्री संगम’ नावाने एक गट सुरू झाला. नाव असं की वाचणाऱ्याला महिला मंडळ वाटावं, कारण तेव्हा तेच सुरक्षित होतं. पुढे त्याच गटाने ‘लेबिया’ असं उघड नाव घेतलं, आणि आणखी पुढे स्वतःला ‘क्वीअर फेमिनिस्ट एलबीटी कलेक्टिव्ह’ म्हणवून घेतलं, म्हणजे लेस्बियन आणि बायसेक्शुअल यांच्याबरोबर ट्रान्सही आले. कारण साधं होतं. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांसाठी काढलेल्या खोलीत जे लोक येत होते, त्यांतले काही स्वतःला स्त्री म्हणतच नव्हते. या गटाने 50 जणांशी सविस्तर बोलून अभ्यास केला, तेव्हा त्यांना ‘जन्मतः स्त्री ठरवल्या गेलेल्या व्यक्ती’ असा लांबलचक शब्दप्रयोग करावा लागला. नुसतं ‘स्त्रिया’ म्हटलं असतं तर समोर बसलेली कितीतरी आयुष्यं त्यात मावली नसती. तेव्हा तुझा गोंधळ ही तुझ्या एकटीची उणीव नाही. ज्यांनी या विषयात हयात घालवली, त्यांनाही शब्द वाढवत जावे लागले.

नक्कल म्हणणाऱ्या मैत्रिणीबद्दल. तिने उचललेला वाद पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेत 1940-50 च्या दशकांत बफेलोसारख्या शहरांत कारखान्यांत राबणाऱ्या बायका बारमध्ये जमायच्या. तिथे बुच कोण, फेम कोण, हे कपड्यांवरून कळायचं, आणि बुच बायकांना रस्त्यावर आणि पोलिसांकडून मार खावा लागायचा, कारण त्या लपत नव्हत्या. 1970 च्या दशकात शिकलेल्या स्त्रीवादी लेस्बियन आल्या आणि म्हणाल्या, ही तर पुरुषप्रधानतेची नक्कल. पुढच्या दशकात त्याच जुन्या बायकांपैकी काहींनी उलट उत्तर दिलं: ती आमची प्रेमाची रीत होती, तुम्ही आम्हाला आमच्याच घरातून हाकललंत. मी या वादात त्या जुन्या बायकांच्या बाजूची आहे. शर्ट, बारीक केस आणि मागे बसवून गाडी चालवणं यावरून कुणी नवरा ठरत नाही. पण तुम्हा दोघींच्या घरात पैशांचा निर्णय कोण घेतं, आजारपणात भांडी कोण घासतं, नको असताना ‘नको’ म्हणता येतं का, हे जरूर बघ. तिथे नवरेशाही असेल तर ती मोडायची. तिचा ‘बुच’ या शब्दाशी संबंध नाही.

जोडीदाराचं “मी लेस्बियन नाही” यावर मी जरा जास्त लिहिते, कारण खरी जखम तिथे आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

आपल्या मुली ‘लेस्बियन’ हा शब्द पहिल्यांदा कुठे ऐकतात? बहुतेक जणी मोबाइलवर शोधतात आणि पुढ्यात येतात पुरुषांसाठी बनवलेले व्हिडिओ. किंवा हॉस्टेलमध्ये कुणाला तरी शिवी म्हणून कानावर पडतो. शब्दाला ती घाण एकदा चिकटली की तो अंगाला लावून घ्यायला जीव धजत नाही. हे फक्त आपल्याकडे नाही. थायलंडमध्ये स्त्रियांची जोडपी ‘टॉम’ आणि ‘डी’ हे शब्द वापरतात. टॉमबॉयमधला टॉम, लेडीमधला डी. तिथल्या अनेक जणींनी ‘लेस्बियन’ हा शब्द टाळला तो याच कारणाने, तो अश्लील चित्रपटांचा वास घेऊन आला होता. आणि तिथे ‘डी’ स्वतःला इतर बायकांपेक्षा वेगळी समजेलच असं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी बायकांत दुसऱ्या बाईशी नातं ठेवण्याला ‘मती’चं काम म्हणतात. मती म्हणजे आपण कोण आहोत याचं नाव नव्हे, आपण काय करतो याचं नाव. पुरुषाशी संसार असलेली बाईही मती असू शकते. आपल्याकडे 1987 मध्ये मध्य प्रदेश पोलिसांतल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि नोकरी गमावली. त्यांनी आपल्या नात्याला दिलेला शब्द ‘लग्न’ हा होता. बाकीचे शब्द बाहेरच्यांचे.

मग हा शब्द टाकूनच द्यावा का? मला तसं वाटत नाही. 1998 च्या डिसेंबरमध्ये दोन बायकांच्या प्रेमावरचा ‘फायर’ हा चित्रपट दाखवणाऱ्या मुंबई-दिल्लीतल्या चित्रपटगृहांत तोडफोड झाली. तेव्हा दिल्लीतल्या निदर्शनांत एक फलक होता, ‘इंडियन अँड लेस्बियन’. असल्या बायका आपल्या देशात नसतातच, असं मोठ्या आवाजात सांगितलं जात होतं. तिथे “माझं हिच्यावर प्रेम आहे” हे वाक्य पुरलं नसतं. कुणीतरी नाव घेऊन उभं राहणं भाग होतं. त्या बायकांमुळे मला आज हा शब्द मराठीत, कपाळाला आठी न पाडता लिहिता येतो, आणि मी तो वापरते. पण तुझ्या जोडीदाराने तो वापरलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही.

तिच्या वाक्याचे मला तीन अर्थ दिसतात. तिला शब्दाची किळस किंवा भीती वाटत असेल. ती काळाने आणि चार चांगल्या माणसांच्या ओळखीने जाते. किंवा तिला खरोखरच दुसऱ्या कुठल्या बाईबद्दल कधी काही वाटलेलं नसेल. तिने तुला तू म्हणूनच निवडलं असेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. किंवा घरचे स्थळ आणतील तेव्हा जायला वाट मोकळी राहावी म्हणून ती हे म्हणत असेल. तुला लागतं ते या तिसऱ्याच्या धास्तीने, असा माझा अंदाज आहे. मग भांडण ‘लेस्बियन’ शब्दावर घालू नकोस. सरळ विचार: “तुझ्या घरी बघायचा कार्यक्रम ठरला तर तू काय करणार आहेस?” या प्रश्नाचं उत्तर तुला हवं आहे. ते मिळालं की ती स्वतःला काय म्हणवते याने तुला आजच्याइतका त्रास होणार नाही. आणि आणखी एक गोष्ट तिला विचारता येईल. ती तुला एकांतात “अगं” म्हणते की “अरे”? का? ती तुला कुणाच्या जागी पाहते, हे त्यातून तुम्हा दोघींनाही कळेल. ट्रान्समॅनबरोबर राहणाऱ्या कितीतरी जणी “मी लेस्बियन नाही” म्हणतात आणि त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर असतं, कारण त्या ज्याच्यावर प्रेम करतात तो त्यांच्या लेखी पुरुष आहे.

तू ट्रान्समॅन आहेस का, हे कुठल्या यादीवर खुणा करून कळत नाही. काही गोष्टींकडे मात्र लक्ष दे. एसटीत कंडक्टर “दादा, पुढे सरका” म्हणाला तर नुसती गंमत वाटते, की दिवसभर बरं वाटत राहतं? पाळी आणि छाती यांचा इतर बायकांना येतो तसा वैताग येतो, की ते अंग आपलं नाहीच असं वाटतं? म्हातारपणी स्वतःला डोळ्यांसमोर आणलंस तर आजी दिसते, आजोबा दिसतात, की यांतलं कुणीच नाही? एका दिवसाच्या उत्तरावर जाऊ नकोस. ग्रुपच्या घाईने हार्मोन सुरू करू नकोस, कारण आवाज बदलला की तो परत येत नाही. आणि खरंच आतून तसं असेल तर “लेस्बियन म्हणवलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही” या भीतीने अडकूनही राहू नकोस. स्वतःला लेस्बियन म्हणवणारे पुढे ट्रान्समॅन म्हणवू लागलेले मी पाहिलेत, आणि उलटा प्रवास केलेलेही. आधी जे म्हटलं होतं ते त्या वेळी खोटं नव्हतं.

डॉक्टर आणि कोर्ट यांच्यासाठी थोडक्यात. स्त्रीरोगतज्ज्ञ “लग्न झालंय का?” असं विचारतात तेव्हा त्यांना बहुधा शरीरसंबंधांबद्दल विचारायचं असतं. “माझे संबंध स्त्रीशी आहेत” एवढं वाक्य पुरे, तिथे ओळखीचं नाव सांगायची गरज नाही. तुला ‘बरं’ करून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून ये. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्ये काढली, आणि भारतात नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये असल्या ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कायद्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केला, 2018 मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि 2023 मध्ये विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. लेस्बियन असण्यासाठी कुठला दाखला लागत नाही. कागदोपत्री लिंग बदलायचं असेल तर त्या वेळचे नियम वकिलाकडून समजून घे.

राहिली आई. मदुराईच्या दोन मुली घरच्यांपासून पळून चेन्नईला गेल्या आणि 2021 मध्ये त्यांचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आलं. त्या खटल्यातून पुढे तमिळनाडू सरकारने या सगळ्या ओळखींसाठी सन्मानाचे तमिळ शब्द 2022 मध्ये राजपत्रात छापले, आणि ते शब्द घडवण्यात त्या समाजाच्या लोकांचा हात होता. मराठीतही असं काम व्हावं ही माझी फार इच्छा आहे. पण तुझ्या आईला शब्द सांगू नकोस, वाक्य सांग. ‘समलिंगी’ तिने ऐकला असेल तो पेपरात, कोर्टाच्या नाहीतर आजाराच्या बातमीत. ‘लेस्बियन’ ऐकलाच नसेल. “आई, मला लग्न करायचं नाही. माझा जीव एका मुलीवर आहे, मला तिच्याबरोबर आयुष्य काढायचंय.” हे तिला कळेल. ती बहुतेक विचारेल, “म्हंजे तू बाप्या हाईस का?” तो प्रश्न ती अपमान करायला विचारत नसते, तिच्याकडे दुसरी चौकट नसते. तेव्हा जे खरं असेल तेच सांग. “नाही आई, मी बाईच आहे” किंवा “मलाच अजून कळलेलं नाही”, दोन्ही उत्तरं चालतील.

सणासुदीला सांगू नकोस, पाहुणे घरात असताना सांगू नकोस, फोनवर सांगू नकोस. जमलं तर आधी एखादी मावशी किंवा बहीण विश्वासात घे, जी दुसऱ्या दिवशी आईपाशी बसेल. तुझी कागदपत्रं आणि बँकेचं पासबुक पुण्यात तुझ्यापाशी असू दे, आणि बोलून झाल्यावर त्याच रात्री परतायची सोय ठेव. आणि जोडीदाराला विचारल्याशिवाय तिचं नाव आईला सांगू नकोस. तिचं गाव तुझ्या गावापासून किती लांब आहे ते तू लिहिलेलं नाहीस, पण अशी नावं एका दिवसात पोचतात, आणि तिच्या घरी काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे तिने अजून ठरवलेलं नाही.